आरोपी आजी हाजिर हो!

राजा, प्रधान, शिपाई, चोर. चार चिठ्ठ्यांचा हा खेळ ज्याने शोधला त्याला न्यायाबद्दल बरंच काही कळत असणार. राजाला हजार गुण, चोराला शून्य, मधल्यांचे प्रत्येक घरी वेगळे. चोर होणं हा निव्वळ नशिबाचा भाग, त्यात कुणाची अब्रू जात नाही. प्रधानाने नुसते चेहरे न्याहाळून चोर ओळखायचा आणि चुकला तर आपले गुण चोराला देऊन टाकायचे. भलत्यावर बोट ठेवलं की त्याची किंमत बोट ठेवणाऱ्याने मोजायची, तीही जागच्या जागी. ज्याच्यावर आळ आला त्या शिपायाला मात्र भरपाई म्हणून काहीच मिळत नाही. मला हे लहानपणीही खटकायचं, कारण माझ्या हाताला चिठ्ठी हमखास शिपायाचीच लागायची.

पोरांचे कायदे असे न लिहिता चालत आलेले असतात. राज्य कुणावर ते चकून ठरतं. रडीचा डाव खडी. आणि शेंडेफळ असेल तर ते कच्चं लिंबू: त्याने सगळ्यांबरोबर पळायचं, पण आउट व्हायचं नाही. भारतीय न्याय संहितेतसुद्धा 7 वर्षांखालच्या मुलाने केलेली कोणतीच गोष्ट गुन्हा ठरत नाही. म्हणजे कच्च्या लिंबाची सोय संसदेनेही करून ठेवली आहे.

यंदा मे महिन्यात माहेरी भावाची दोन आणि माझा एक अशी तीन पोरं जमली आणि त्यांनी चक्क कोर्टच भरवलं. मधल्याची तक्रार होती की आजी आंबा कापते तेव्हा बाठा दर वेळी धाकट्यालाच देते. आरोपी अर्थातच आजी. थोरली न्यायाधीश झाली, कारण भावाचा काळा कोट तिने आधीच अंगात चढवला होता. हातोडा म्हणून खलातला बत्ता आला आणि तो आपटायला पाट. मला पट्टेवाल्याचं काम मिळालं. ‘आरोपी आजी हाजिर हो’ असं मी तीनदा ओरडले. आजी भाजी निवडता निवडता हजर झाली आणि पिंजऱ्यात, म्हणजे दोन खुर्च्यांच्या मध्ये, मेथीची जुडी घेऊनच बसली.

हे सगळं सिनेमातून येतं. आपल्या कोर्टांत न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत आणि गीतेवर हात ठेवूनही कुणी शपथ घेत नाही. शपथेचा 1969 चा कायदा ईश्वराला स्मरून किंवा गांभीर्यपूर्वक खरं सांगण्याची प्रतिज्ञा करायला सांगतो, तिथे ग्रंथ लागत नाही. इतकंच काय, 12 वर्षांखालच्या साक्षीदाराला खरं बोलायचं असतं एवढं कळत असेल, पण शपथ म्हणजे काय ते उमगत नसेल, तर शपथेवाचूनही त्याची साक्ष घेता येते. ही माहिती मी कोर्टापुढे ठेवली. ‘पट्टेवाल्याने मध्ये बोलू नये,’ असं मला सुनावण्यात आलं.

घोडं अडलं ते आरोपीच्या वकिलापाशी. ते काम कुणालाच नको. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी मधल्याला आली. फिर्यादी तोच, आता आजीचा वकीलही तोच. त्याने आधी पाय आपटले, मग ‘अशिलाशी बोलून येतो’ म्हणून आजीच्या कानाशी लागला. परत आला तो जरा पडेल चेहऱ्यानेच. मग त्याने दोन फरश्या ठरवल्या. एका फरशीवर उभं राहून वकील म्हणून विचारायचं, उडी मारून दुसरीवर जायचं आणि फिर्यादी म्हणून उत्तर द्यायचं.

‘आंब्याच्या फोडी ताटात आल्या की सगळ्यात आधी कोण संपवतं?’ उडी. ‘मी.’ उडी. ‘मग धाकट्याला किती उरतात?’ उडी. इथे साक्षीदार बराच वेळ गप्प. ‘दोन. कधी कधी एक.’ उडी. ‘बाठा कुणी पळवू शकतं का?’ उडी. ‘नाही. तो उष्टा असतो.’

आजीने मेथीवरून मान वर केली नाही, पण तिला हसू आवरत नव्हतं. एकमेकांच्या बाजूने विचार करा असं आम्ही पोरांना उठता-बसता सांगतो आणि ते त्यांच्या कानावरून जातं. फरशी बदलायला लावली तेव्हा मात्र हा स्वतःची उलटतपासणी घेत होता, आणि घेत होता तीही चोख. वाद घालताना मोठ्यांनाही अशी उडी मारायला लावावी, असं मला तेव्हापासून फार वाटतं. गुडघ्यांचं काय ते पुढे बघू.

निकालाच्या वेळी धाकट्याने घोटाळा केला. ‘ताई पण फोडी पळवते!’ थोरलीला रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट तोंडपाठ. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री तिला फार आवडतात. पण इथे न्यायासनच फोडींच्या रसाने माखलेलं निघालं. तिने थोडा वेळ बत्ता आपटून पाहिला आणि मग कोट उतरवला.

आता न्यायाधीश कुठून आणायचा? वॉर्सातल्या यानुश कोर्चाक नावाच्या डॉक्टरने हा पेच सोडवला होता. त्याच्या अनाथाश्रमात मुलांचं खरंखुरं कोर्ट चाले. पाच न्यायाधीश सोडतीने निवडले जात, तेही त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही फिर्याद नाही अशांतूनच. (या नियमाने आमच्या घरात आजोबांच्या तसबिरीखेरीज कुणी उरलं नसतं.) त्याच्या संहितेतली पहिली 99 कलमं माफ करण्याची किंवा खटला सोडून देण्याची होती. त्यानंतर एकदम शंभर, दोनशे करत हजारापर्यंत उडी, आणि हजारावं कलम म्हणजे आश्रमातून काढून टाकणं. एका पोराच्या कानाखाली वाजवल्याबद्दल खुद्द डॉक्टरही या कोर्टापुढे उभा राहिला होता. पुढे 1942 च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्याला त्याच मुलांबरोबर ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. सुटून जाण्याची संधी असूनही त्याने मुलांना सोडलं नव्हतं. हे माहीत असल्यावर ती 99 कलमं नुसती गंमत म्हणून वाचवत नाहीत.

आमच्या कोर्टाने शेवटी धाकट्यालाच विचारलं, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, ‘बाठा. आणि फोडी पण.’ यावर आंबा मधल्याने कापावा आणि स्वतः शेवटी उचलावं, असं ठरलं. त्याने फूटपट्टी आणली. सारख्या मापाच्या फोडी पाडता पाडता दोन हापूस असे काही चेंदले की आजीने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली, आहे त्या सगळ्याचा रस केला आणि साली-बाठे धुऊन फजिता उकळत ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाट्या सारख्या नाहीत अशी नवी फिर्याद दाखल झाली. या वेळी फिर्यादी आजी होती.