शेततळ्याचं अनुदान आणि आधार सीडिंग : माझा अनुभव

अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, त्यात आमचीही गेली. नवी बाग लावताना शेततळं करायचंच हे घरात ठरलं होतं. जमीन माझ्या नावावर, म्हणून महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर, शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज मीच भरला. सोडतीत नाव आलं, सातबारा, आठ अ चढवले, पूर्वसंमती मिळाली, पोकलेन लावून 30 बाय 30 बाय 3 मीटरचं तळं खोदून झालं. कृषी सहायकांनी बांधावर येऊन मापं घेतली, फोटो काढले. इथवर कुणी अडवलं नाही.

अडलं ते पैसे खात्यावर पडताना. या योजनेत आकारमानानुसार जास्तीत जास्त 75 हजार रुपये मिळतात, पण काम झाल्यावर. पोकलेनवाल्याचे पैसे तोवर आपणच भागवायचे, आणि मी ते माहेरून उसने आणले होते.

अनुदान मंजूर दिसायचं, खात्यावर यायचं नाही. बँकेत गेले की साहेब म्हणायचे, "ताई, आधार लिंक आहे तुमचं, कृषी कार्यालयात विचारा." कार्यालयात म्हणायचे, "आमच्याकडून गेलंय, बँकेत बघा." पावसाळा तोंडावर, उसनवारीचा फोन रोज, आणि दोन्ही खिडक्यांवर तेच उत्तर. अजूनही आठवलं की संताप होतो, कारण दोघांपैकी एकानं पाच मिनिटं संगणकावर बघितलं असतं तर तिथंच उलगडा झाला असता.

उलगडा केला आपले सरकार केंद्रातल्या पोरानं. त्यानं आधारच्या वेबसाइटवर माझं लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं. तिथं दुसऱ्याच बँकेचं नाव! गॅसच्या सबसिडीसाठी फार पूर्वी उघडलेलं खातं, कधीच बंद पडलेलं. बँकेनं केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे सरकारी पैसा कुठल्या बँकेत जायचा याची आधारपुढची नोंद, वेगळं. एनपीसीआय म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था; तिच्या नोंदीत एका आधारपुढे एकच बँक असते, आणि सरकारी पैसा त्याच बँकेत जातो. आपल्या पासबुकावर काय लिहिलंय याला तिथं काही किंमत नाही.

बँकेत सीडिंगचा संमती अर्ज वेगळा भरून द्यावा लागतो. "फॉर्म संपलेत" असं सांगितलं तर हलू नका, मी हलले नाही. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्याच. स्टेटसमध्ये नव्या बँकेचं नाव दिसल्यावर कृषी कार्यालयात सांगून पैसे पुन्हा पाठवायला लावले, आणि ते आले. पहिला फोन माहेरी केला.

हो, एक राहिलं. खोदाई पूर्वसंमतीनंतरच सुरू करा. आधी खोदलेलं तळं अनुदानात बसत नाही. पोकलेनचं बिल अर्जदाराच्याच नावानं घ्या, नवऱ्याच्या नावानं नको. आणि अनुदानाचा अर्ज भरायच्या आधीच सीडिंग तपासा, बायकांनी तर नक्कीच, कारण आपली खाती कुणी कुठं कुठं उघडून ठेवलेली असतात.

बाजूंना 1:1 उतार (जितकं खोल तितकंच आत) असलेल्या आमच्या एवढ्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं, पण आमची जमीन मुरमाड, पाणी झिरपतं. प्लास्टिकच्या अस्तरीकरणाला अर्ज वेगळा करावा लागतो. तो मी भरलाय.