पिवळ्या पट्टीच्या मागं मागं

दक्षिण-पश्चिम फ्रान्समधल्या लोत जिल्ह्यात, लिमोन्यजवळच्या चुनखडीच्या पठारावर आमचं गाव आहे. अशा पठाराला इकडं कॉस म्हणतात. पाऊस पडतो, पण पाणी वर थांबत नाही, भेगांतून थेट खाली जिरतं. त्यामुळे ओढे जवळपास नाहीतच. शेती थोडी, मेंढ्या बऱ्याच आणि खुरट्या ओक झाडांचं मैलोन्‌मैल रान. हिवाळाभर सगळं करडं. मार्चअखेरीस घड्याळं तासभर पुढं सरकतात, संध्याकाळी आठपर्यंत उजेड राहतो आणि मग घरात पाय ठरत नाही.

बाहेर पडायची इच्छा होती, पण जायचं कुठून हेच कळेना. पुण्यात टेकडीवर जाताना कुणाची परवानगी डोक्यातही येत नाही. इथं दोन दगडी गडग्यांमधून जाणारी वाट सगळ्यांची की कुणा एकाची, हे नुसतं बघून समजत नाही. गावच्या मेरीत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायत कार्यालयात, विचारलं. तिथल्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवत दाखवलं: गाववाटा गावच्या मालकीच्या, तिथून कुणीही जावं, बाजूचं रान मात्र खासगी. २०२३च्या कायद्यानंतर ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी असलेल्या रानात शिरलं तर १३५ युरोंचा दंड होऊ शकतो. तेवढं ऐकून मी आयजीएनचा, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा, नकाशा विकत घेतला. १:२५०००, म्हणजे एक सेंटीमीटरला अडीचशे मीटर. पायवाटाच काय, डोंगरकुशीतले डॉल्मेनसुद्धा त्यात दाखवलेले असतात. प्रचंड शिळा उभ्या करून वर एक आडवी ठेवलेली ही प्राचीन थडगी या जिल्ह्यात शेकड्यांनी आहेत. फोनवर नकाशा असतोच, पण कॉसवर रेंज मनाला येईल तेव्हा येते.

नकाशापेक्षा जास्त कामाच्या निघाल्या त्या रंगाच्या पट्ट्या. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर. पांढरी-लाल असेल तर लांब पल्ल्याची जीआर (ग्रांद रांदोने) वाट, नुसती पिवळी असेल तर गावाभोवती फिरवून परत आणणारी छोटी. पट्टीला कोपरा काढला असेल तर वळायचं, फुली असेल तर तिकडं जायचं नाही. पहिली जीआर वाट १९४७ साली आखली गेली आणि या खुणा आजही बहुतांशी स्वयंसेवक डबा-ब्रश घेऊन रंगवतात. आमच्या भागातून जीआर ६५ जाते, ल पुई गावाहून स्पेनमधल्या सांतियागोकडं निघालेली यात्रेकरूंची वाट. एप्रिलपासून पाठपिशवीला यात्रेची खूण म्हणून शिंपला लटकवलेली मंडळी दिसू लागतात. आपल्या वारीची आठवण येते खरी, पण इथं बहुतेक जण एकेकटे आणि गप्प. मला ती वाट फार आवडली नाही, वर्दळीची वाटते. मी पिवळ्यावाली.

शिकारीचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेरीस संपतो, पण रानडुकरांसाठी हाके मार्चमध्येही निघतात. तोवर मी नारिंगी जाकीट घालूनच जाते. उन्हाळा जवळ येईल तशी गोचिडांची काळजी. त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो, म्हणून औषधाच्या दुकानात मिळणारा, गोचीड उपटून काढायचा प्लास्टिकचा छोटा आकडा खिशात असतो आणि घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत तपासणी. पाण्याची युक्ती एका यात्रेकरूनं सांगितली: झरा शोधू नका, दफनभूमी शोधा, तिथं नळ असतो. ‘पिण्यायोग्य नाही’ असं लिहिलेलं नाही एवढं बघायचं.

खरी मजा सुरू झाली ती गावच्या चालणाऱ्या मंडळात शिरल्यावर. गुरुवारी जेवण झालं की निघायचं. बहुतेक सत्तरीपुढचे, आणि चढावर माझ्या पुढं. डोळ्यांभोवती काळा चष्मा लावल्यासारख्या दिसणाऱ्या इथल्या मेंढ्या, गवंडीचुना न वापरता रचलेल्या गोल दगडी झोपड्या, खडकात खोदलेली पाण्याची कुंडं, सगळं त्यांनीच दाखवलं. एप्रिलच्या शेवटी कोरड्या गवतात ऑर्किड फुलतात, काहींची फुलं तर हुबेहूब बसलेल्या माशीसारखी. तोडायची नाहीत, वाकून बघायची. वर्षातला पहिला कोकीळ ऐकताना खिशात नाणं असेल तर वर्षभर पैसा कमी पडत नाही, असं हे लोक मानतात. माझ्या खिशात पाच रुपयांचं निघालं. ते चालेल की युरोच हवा, यावर पुढचा अख्खा चढ वाद झाला.

शेजारच्या आजीबाई चालता चालता कुंपणातले वेलीचे कोवळे कोंब खुडत. रेस्पुंशू. इथली वसंतातली रानभाजी, चांगलीच कडू. याच वेलीची लाल फळं विषारी असतात, त्यामुळे ओळखणाऱ्याबरोबरच खुडायची. आजीबाई ते कोंब उकळून, पाणी ओतून देऊन, उकडलेल्या अंड्याबरोबर खातात. मी लसणाची फोडणी देऊन दाण्याचं कूट घातलं आणि वाटीभर त्यांच्याकडं नेलं. चव घेऊन म्हणाल्या, “छान आहे हो, पण तुम्ही कडूपणा लपवलात.” पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्या पिशवीत दुप्पट कोंब भरले आणि दाणे कुठे मिळतात ते विचारलं.