गिरनारला सगळ्यांच्या मागून

दत्तमहाराजांच्या पादुकांच्या दर्शनाला आमच्या मंडळाबरोबर गुजरातमधला गिरनार चढताना एकजण मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो. त्याच्या मागे आपलं कुणी उरता कामा नये, एवढंच त्याचं काम. या पौर्णिमेला ते मी मागून घेतलं.

भवनाथ तळेटीला लंबे हनुमानाचं दर्शन घेतलं आणि रात्री साडेअकराला पहिल्या पायरीवर डोकं टेकवलं. हातात काठी, टॉर्च, आणि वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला "जय गिरनारी!" पायऱ्या दहा हजारांच्या घरात. तरुण मुलं बघता बघता दिसेनाशी झाली आणि माझ्यासोबत उरल्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या एक मावशी. त्या थोड्या पायऱ्या चढायच्या, बसायच्या, नाम घ्यायच्या, पुन्हा उठायच्या. मी पायऱ्यांवर रंगवलेले आकडे मोठ्याने वाचत होते. त्या म्हणाल्या, "आकडे नको गं वाचूस. महाराज वरच आहेत, कुठं जात नाहीत."

डोलीवाले विचारून गेले, मावशींनी हात जोडले. ऑक्टोबर 2020 पासून वाटेतल्या अंबाजी मंदिरापर्यंत रोपवेही आहे, आणि त्याने येणाऱ्यांना नावं ठेवलेली मला मुळीच आवडत नाहीत. ज्याची जशी तब्येत. शिवाय अंबाजीच्या पुढची वाट सगळ्यांना सारखीच.

जैन तीर्थंकर नेमिनाथांची देरासरं, म्हणजे मंदिरं, चांदण्यात ओलांडली. अंबाजीला पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि वारा असा, की मावशींचा पदर मी धरून ठेवला होता.

खरी कसोटी गोरखनाथांच्या शिखरावर. हे गुजरातमधलं सर्वांत उंच टोक. इथे वाटतं, पोचलो. तर समोर गुरुशिखराचा, म्हणजे पादुकांच्या शिखराचा, सुळका आणि मधे खोल उतार. एवढ्या कष्टाने चढलेलं आधी उतरायचं आणि मग शेवटचा उभा चढ. मावशी एक हात माझ्या खांद्यावर, एक कठड्यावर ठेवून आडव्या पावलांनी उतरल्या. दर्शन करून परतणारी अनोळखी माणसं बाजूला सरून वाट देत होती, "आलंच, मावशी!" म्हणत होती. गुजराती, मराठी, सगळी.

वर जागा अगदी लहान. दत्तमहाराजांच्या पादुकांपुढे क्षणभरच उभं राहता येतं. जैन भाविक याच ठिकाणी नेमिनाथांचं निर्वाण मानतात, तेही तितक्याच भावाने माथा टेकवतात. मावशींनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. मंडळातल्या ज्यांना येता आलं नव्हतं त्यांची नावं एकेक करून घेतली. पुजाऱ्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं, पण त्यांना थांबवलं नाही. मी मात्र रडले.

मग कमंडलू तीर्थ. दुष्काळात महाराजांचा कमंडलू इथे पडून दुभंगला, एका ठिकाणी जल आणि एका ठिकाणी अग्नी प्रकटला, अशी कथा. इथली धुनी सोमवारी प्रज्वलित होते. आमचा वार वेगळा होता, पण अन्नछत्राचा प्रसाद रोजचाच. आत जाऊन पाहते तर आमचे सगळे भिंतीला टेकून बसलेले. केव्हाचे पोचले होते, पण एकानेही ताट घेतलं नव्हतं. एका मुलाने उठून मावशींसाठी जागा केली, दुसऱ्याने त्यांच्या हातावर पाणी घातलं, आणि मग पंगत एकदमच बसली.