पितळी समईचे पॉलिश: नोंद दुसरी

समईची बैठक आणि खांब यांचे घासकाम संपत आले आहे. खांबाच्या वळ्यांमधल्या खाचा इतक्या अरुंद आहेत की बफच्या (पॉलिश करणाऱ्या फिरत्या कापडी चाकाच्या) मोठ्या मशीनचा तिथे उपयोग नाही. म्हणून खाचांचे सारे काम लहान रोटरी टूलवर (हातात धरायच्या, टोकाला चाक किंवा ब्रश वेगाने फिरवणाऱ्या यंत्रावर) चालले आहे. सँडिंग ड्रमची (टूलला लावायच्या, घासपट्टी गुंडाळलेल्या लहान रुळाची) १२० ग्रिटची (ग्रिटचा आकडा मोठा, तितके घासकण बारीक) पट्टी मी केवळ बैठकीच्या खालच्या, ओतीव आणि खडबडीत बाजूला लावली, कारण नक्षीजवळ ड्रमची कड क्षणात चर पाडते.

सपाट भागावर सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर पाणी लावून हातानेच चालवला: आधी ४००, मग ८००, १२०० आणि शेवटी २०००. प्रत्येक पेपरला घासण्याची दिशा आडवी बदलली की आधीचे ओरखडे वेगळे ओळखू येतात, आणि ते पुरते गेल्याशिवाय पुढचा पेपर हाती घेऊ नये. चकाकी साबणाने, म्हणजे बफला लावायच्या पॉलिशच्या वडीने येते, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते ती पेपरवरच ठरते. पी-४०० (४०० क्रमांकाच्या पेपर) च्या कणांचा सरासरी आकार सुमारे ३५ मायक्रॉन, तर पी-२००० चा सुमारे १० मायक्रॉन असतो. ४०० चा एखादा ओरखडा मागे राहिला, तर बफ त्याच्या कडा तेवढ्या गोल करतो आणि भोवतीच्या चकाकीत तो अधिकच उठून दिसतो.

भांडी बाजारातल्या कारागिरांचे कापडी बफ आपल्या टूलला फार मोठे पडतात. फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) लहान चाके सराफी अवजारांच्या दुकानात मिळतात. मात्र त्यांची दांडी बहुधा २.३५ मिमी असते, आणि आपल्या टूलची नेहमीची कॉलेट (दांडी पकडणारी चिमटी) ३.२ मिमीची, तेव्हा लहान कॉलेट सोबतच घ्यावी. मिनिटाला १५,००० फेऱ्यांवर १३ मिमी चाकाची कड सेकंदाला सुमारे १० मीटर धावते, २५ मिमी चाकाची जवळपास दुप्पट. त्यामुळे चाक मोठे लावले की वेग उतरवावा, नाहीतर साबण पितळेवर टिकण्याऐवजी भिंतीवर उडतो.

पितळेला आधी तपकिरी ट्रायपोली, नंतर आयर्न ऑक्साइडचा लाल रूज, असे दोन पॉलिश-साबण लावले. दोन्हींची चाके वेगळ्या डब्यांत ठेवली आहेत आणि मधे भाग कोमट साबणपाण्याने धुतला. ट्रायपोलीत सिलिका असल्याने मास्क हवाच, चष्म्यावर वाफ धरली तरी.

आता माथ्यावरचा मोर उरला आहे. पिसांच्या रेषांत फेल्ट पोहोचत नसल्याने तिथे ताठ केसांचा लहान ब्रश आणि रूज वापरणार आहे; अशा ब्रशला १५,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नये.