काढून टाकलेली चार रीडिंग

शनिवार, रात्री साडेदहा

पाय दुखताहेत. सकाळी नऊला सोळा मुलं घेऊन विद्यापीठाच्या आवारात शिरले आणि संध्याकाळी सोळाच बाहेर आणली, हे आधी लिहून ठेवते. पहिला तास स्वागताचा होता. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

खरा दिवस सुरू झाला तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तिथे पीएचडी करणारी एक मुलगी होती, पाच मिनिटांत आमची मुलं तिला ताई म्हणायला लागली. आपापली यंत्रं घेऊन या, असा निरोप आधीच आला होता. आमच्या चौघांनी कुंडीतला ओलावा मोजणारं यंत्र नेलं होतं. मातीत खुपसायच्या दोन पट्ट्या, एक छोटा बोर्ड, आणि माती सुकली की लागणारा लाल दिवा. प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं, त्यामुळे कॉलर ताठ.

ताईने दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. पट्ट्या उपसल्या, पुसल्या आणि भिंगाखाली धरल्या. एका पट्टीवरचा धातूचा थर खाऊन गेलेला, दुसरी जवळजवळ नवी. "एकच का झिजली?" तिने विचारलं. मुलं गप्प. मीही गप्प. मग तिने त्यांच्याकडूनच वदवून घेतलं: ओल्या मातीत दोन पट्ट्या, त्यांतून चोवीस तास एकाच दिशेने वीज. हे तर विद्युत अपघटन, पुस्तकात आकृतीसकट आहे! धन टोकाचा धातू विरघळत जातो.

"म्हणजे काही दिवसांनी तुमचं यंत्र ओल्या मातीलाही कोरडी म्हणायला लागलं असणार," ती म्हणाली, "पण आलेखात तर तसं काही दिसत नाही."

माझ्या पोटात गोळा आला. दिसणार कसं? शेवटच्या चार दिवसांचे आकडे आलेखातून काढायला मीच सांगितलं होतं. नुकतंच पाणी घातलेलं आणि यंत्र म्हणतंय कोरडी. "काहीतरी चुकलंय, रेषा बिघडतेय, ही चार सोडून द्या." मुलांनी सोडून दिली. बाई सांगतात म्हटल्यावर कोण विचारणार?

मी ते तिथेच बोलून टाकलं. बोलताना कान गरम झाले होते. ताईने मला काही सुनावलं नाही. तिने मुलांना रॅले या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक क्रियेतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. एखाद्याने मोजमापाची चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले पुन्हा पुन्हा मोजत राहिला, आणि १८९४ साली त्याने आणि रॅम्झीने त्या फरकातून आर्गॉन हा नवा वायू बाहेर काढला. १९०४ साली दोघांनाही नोबेल, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं. ती मुलांशीच बोलत होती, पण मला वाटायचं ते वाटलंच.

उपायही तिने थेट दिला नाही. "वीज सतत कशाला हवी?" एवढंच विचारलं. रीडिंग घ्यायच्या क्षणापुरती द्यायची, हे उत्तर आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलाने दिलं. वर्षभरात वर्गात त्याने स्वतःहून तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

दुपारी नवउद्योगांच्या केंद्रात. तिथल्या सरांनी पेटंटचं सांगितलं: हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, पण बहुतेक देशांत अर्जाआधीच वस्तू जगापुढे मांडली तर ती 'नवी' राहत नाही. प्रदर्शनात मांडून मोकळी झालेली आमची चौकडी एकमेकांकडे बघायला लागली. "घाबरू नका," सर म्हणाले, "असले सेन्सर तसेही बाजारात ढिगाने आहेत." हा दिलासा होता की काय, कळेना.

मग त्यांनी विचारलं, हे विकत कोण घेणार?

"सगळे!"

"सगळ्यांपैकी एकाचं नाव सांग."

बराच वेळ गेला. शेवटी एकजण म्हणाला, माझी आजी. पाणी घातलेलं विसरते आणि पुन्हा घालते.

"तिला विचारलंस?"

"नाही. पण ती मातीत बोट खुपसून बघते."

"मग तुमची स्पर्धा त्या बोटाशी. फुकट आहे, गंजत नाही, बॅटरी लागत नाही." सगळे हसले. तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहीत होता. डोकावून पाहिलं तर 'आजी गावाला गेली तर?' असं लिहिलेलं. सरांना दाखव म्हटलं तर नको म्हणाला, आधी आजीला विचारतो.

बसमध्ये चौघांतली एक माझ्याशेजारी येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली, मग दप्तरातून प्रयोगवही काढली आणि शेवटून दुसरं पान उघडलं. चार तारखा, चार आकडे, पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात.

"मॅडम, तुम्ही काढा म्हणालात तेव्हा आलेखातून काढले. वहीतून नाही."

का नाही काढलेस, असं विचारलं तर म्हणाली, आले होते ना ते.

वही आत्ता माझ्या टेबलावर आहे, मागून घेतलीय. सोमवारी आलेख नव्याने काढायचा आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांना चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीचा मजकूर दोनदा लिहून खोडला. पहिल्या वाक्यात 'आम्ही' येतं, तिथे 'मी' हवं.