८०० मीटर: पहिले २०० पुन्हा नडले

रविवारी नागपुरात मानकापूरच्या ट्रॅकवर टाइम ट्रायल दिली. टार्गेट २:२० (दोन मिनिटं वीस सेकंद), आले २:२६. दिवाळीआधी २:२५ होते, म्हणजे मागेच सरकलो बापा.

स्प्लिट्स, म्हणजे दर २०० मीटरला लागलेले सेकंद: ३१, ३५, ४१, ३९. २०० वर भाचा ‘एकतीस!’ ओरडला तेव्हा गुदगुल्या झाल्या. साडेचारशेला मांड्या भिजल्या गोणपाटासारख्या. शेवटी ट्रॅकवरच पालथा पडलो आणि तळहाताला चिकटलेले रबराचे कण एकेक करून काढत बसलो.

तिसऱ्या २०० चं हे रडगाणं मागच्या तिन्ही अपडेटमध्ये आहेच. दम कमी पडतो असं समजून फुटाळा तलावावर लांब रन वाढवले, काडीचा फरक नाही. काल शेवटी कागद-पेन घेऊन भारताच्या श्रीराम सिंगांची १९७६ ची मॉन्ट्रियल ऑलिंपिकमधली ८०० ची फायनल मांडली. क्यूबाच्या हुआंतोरेनाने १:४३.५० चा विश्वविक्रम केला ती रेस. पहिल्या फेरीला (४०० मीटर) श्रीराम सिंग सगळ्यांच्या पुढे होते, सुमारे ५१ सेकंद. एवढंच डोक्यात धरून मी दरवेळी बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. पण ते १:४५.७७ मध्ये सातवे आले, म्हणजे दुसरी फेरी जेमतेम ५५! फक्त चार सेकंदांची घसरण. माझी चौदा. (त्यांचा तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत, जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ काढेपर्यंत टिकला. उगीच नाही.)

त्यांच्या हिशोबाने २:२० साठी मला पहिली फेरी ६७-६८ लागते. ६६ म्हणजे जेमतेम दोन सेकंद घाई, मग एवढा मार का? तर तो ३१. सगळं तिथंच जळतं.

चांगलं म्हणाल तर शेवटचे २०० तिसऱ्यापेक्षा फास्ट गेले, पहिल्यांदाच! आणि स्पाइक्सला (खिळ्यांच्या बुटांना) ९ च्या जागी ६ मिलिमीटरच्या पिना लावल्या, पाय ट्रॅकला अडकत नाही. जीपीएस घड्याळाने मात्र ८०० चे ८३० दाखवले. ट्रॅकवर साधं स्टॉपवॉचच बरं.

आता पहिली फेरी ३३-३५ अशी धावायचं ठरवत होतो, पण लिहिता लिहिता सुचलं: भाच्याने दर १७ सेकंदांनी शिट्टी मारायची, मी प्रत्येक शिट्टीला १०० च्या खुणेवर असायचं. ३४-३४. शिट्टीआधी पोहोचलो तर तोच गुन्हा. लांब रन बंद, मंगळवारी ३०० मीटरचे चार रन, शिट्टीवरच.

फक्त नवी शिट्टी आणावी लागेल. घरातल्या शिट्टीतली गोळी हरवलीय, नुसती हवा निघते.