रॅकच्या दारावरचा कागद

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गॅस्केटच्या कारखान्यात सर्व्हरच्या रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. कुठल्या मशीनचे अपडेट कधी बंद होणार, एवढंच त्यावर. सगळ्यात वर मी मार्करने लिहिलं होतं: सेंटओएस 8, मे 2029. सेंटओएस म्हणजे सर्व्हर चालवणारी लिनक्स प्रणाली, रेड हॅट कंपनीच्या विकतच्या लिनक्सची फुकट आवृत्ती. आता ती ओळ खोडलेली आहे आणि शेजारी 31 डिसेंबर 2021.

मुदत अलीकडे आणल्याचं जाहीर झालं डिसेंबर 2020 मध्ये. लोकल तेव्हा सगळ्यांना खुली नव्हती, मी ठाण्याहून स्कूटरने कळवा-विटाव्यातून यायचो. खरं सांगायचं तर चूक माझीच. एक रुपया न देता घेतलेल्या वस्तूवर मी साडेआठ वर्षांचा हिशोब मांडून बसलो होतो.

मग 2021 मध्ये अल्मा आली, पाठोपाठ रॉकी; दोन्ही सेंटओएसची जागा घ्यायला निघालेल्या फुकट लिनक्स. एका रविवारी मशीन अल्मावर नेलं. स्क्रिप्ट चालवली, रीबूट केलं, लॉगिन आलं. स्टोअरचा प्रिंटर तेवढा दोन दिवस रुसला. जून 2023 मध्ये रेड हॅटने आपल्या लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, ग्राहकांपुरता ठेवला, तेव्हा रॉकीने तिची हुबेहूब नक्कल करत राहायचं ठरवलं. अल्माने तो हट्ट सोडला, रेड हॅटवर चालणारे प्रोग्राम अल्मावरही चालतील एवढी हमी ठेवली. मला अल्माचं पटलं. फाइल सर्व्हर अजून तीवरच आहे.

ईआरपीसाठी, म्हणजे कारखान्याचा माल-हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, नवा सर्व्हर घ्यायचा झाला तेव्हा मात्र धाकट्या शेठनी कोटेशन बघून भुवया उंचावल्या. "काका, लिनक्स फुकट असतं ना? मग हे दरवर्षीचे पैसे कसले?" म्हटलं, कोड फुकट आहे; पैसे अपडेटचे, आणि अडलं तर बोलायला माणूस मिळतो त्याचे.

तरी कुठली लिनक्स घ्यायची हा प्रश्न उरलाच: रेड हॅट, सुसे की उबुंटू? उबुंटू 24.04 ला पाच वर्षं अपडेट फुकट, पण आमचं सॉफ्टवेअर कशावर चालेल याच्या ईआरपीवाल्यांच्या यादीत ती नव्हती. यादीत होत्या पहिल्या दोन. सुसे जर्मनीची, 1992 पासूनची, म्हणजे रेड हॅटहून एक वर्षाने थोरली. माझं तिच्याशी काही वाकडं नाही. दोघांची माहितीपत्रकं वाचून माझ्या पदरात काही पडलं नाही. शेवटी ईआरपीच्या सपोर्टला फोन लावला आणि उचलणाऱ्या मुलाला विचारलं, "बाळा, तुमच्या ऑफिसात टेस्टिंग कशावर करता?"

"सर, यादीत दोन्ही आहेत."

"यादीचं नाही विचारत. तुझ्यासमोर आत्ता काय चालू आहे?"

तो हसला. "रेड हॅट 9."

तेच घेतलं. शेठनी सही केली, पण एका वर्षाचीच. कागदावर नवी ओळ आली: रेड हॅट 9, मे 2032. या वेळी पेन्सिलीने.